नाकातून मेंदूचं पाणी गळणं: दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल माहिती हवी आहे

मृण्मयी_०७

मंडळी, जरा घाईत लिहिते आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीच्या उजव्या नाकपुडीतून बरेच महिने पाणी येतंय. फक्त उजव्या. खाली वाकली की धारच लागते, रात्री आडवी झाली की तेच घशात उतरतं, आणि तोंडात खारट चव राहते. ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, नाकातले फवारे झाले, फरक शून्य. आता एका नाक-कान-घसा तज्ज्ञांनी सांगितलं की हे मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ असू शकतं. आधी ते पाणी तपासायला द्या, तेच निघालं तर ऑपरेशन करावं लागेल.

डोक्याला कधीही मार लागलेला नाही. वय ४६, वजन जास्त आहे, डोकं अधूनमधून दुखतं. घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, थेंब थेंब तर येतंय, राहू दे. दुसऱ्याने 'मेंदूचं ऑपरेशन' एवढंच ऐकलंय आणि हात-पाय गाळलेत. खरंच कवटी उघडावी लागते का? आणि नाहीच केलं तर काय होईल? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भटक्या_वेताळ

घाबरू नका ताई. मला गाडीवरून पडल्यावर हेच झालं होतं. कपाळामागचं हाड तडकलं होतं, नाकातून आधी लालसर आणि मग नितळ पाणी. डॉक्टरांनी उशाला उंची देऊन झोपवून ठेवलं, खोकू नका, कुंथू नका, नाक शिंकरू नका. पाणी आपोआप थांबलं. कापाकापी काही नाही. तेव्हा आधी विश्रांती देऊन बघा असं माझं मत.

शल्यकर्मी

मी नाक-कान-घसा शल्यचिकित्सक आहे आणि ही ऑपरेशनं करतो. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण मृण्मयीताई, वर्णन बोलकं आहे. एकाच बाजूने येणारं, पाण्यासारखं पातळ, वाकल्यावर वाढणारं, खारट, आणि ॲलर्जीच्या औषधांना दाद न देणारं. असं पाणी तपासल्याशिवाय सोडायचं नसतं.

वेताळ, तुमचं अगदी बरोबर आहे, पण तुमच्यापुरतं. मार लागून झालेली गळती बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बंद होते, म्हणून तिथे आम्हीही थांबतो. मार न लागता सुरू झालेली गळती सहसा अशी बंद होत नाही. कधी दोन-चार दिवस थांबते, पेशंट खूश होतो, आणि पुन्हा सुरू होते. त्या थांबण्यावर विसंबू नका.

आता 'थेंब थेंब तर येतंय' याबद्दल. मोठ्या माणसाच्या मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एका वेळी साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नवीन तयार होतं. त्यामुळे ते संपून जाईल ही भीती नको. भीती उलट्या दिशेची आहे. जिथून पाणी खाली येतं तिथून नाकातले जंतू वर जाऊ शकतात. मग होतो मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा जंतुसंसर्ग. तो कधी होईल हे सांगता येत नाही, होणारच असंही नाही, पण झाला तर जिवावर बेततो. गळती थोडी आहे म्हणून धोकाही थोडा, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, गुंगी, जोरदार डोकेदुखी यांपैकी काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.

मृण्मयी_०७

धन्यवाद डॉक्टर. पाणी जमा कसं करायचं? आणि शेजारच्या एकांनी सांगितलं की साखरेच्या पट्टीवर थेंब टाकला की लगेच कळतं.

शल्यकर्मी

साखरेची पट्टी विसरा. अश्रूंमध्ये आणि नाकातल्या स्रावातही साखर असू शकते, त्यामुळे सर्दीच्या पाण्यावरही पट्टी रंग बदलते. टिपकागदावर उमटणाऱ्या कड्यांचंही तसंच, त्यावरही भरवसा नाही. रुमालाची जुनी खूण मात्र मला आवडते: शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो, हे पाणी वाळलं तर होत नाही. पण ती संशय घ्यायला पुरेशी, निदानाला नाही.

खरी तपासणी बीटा-२ ट्रान्सफेरिनची. हे प्रथिन सीएसएफमध्ये असतं, नाकाच्या स्रावात किंवा अश्रूंत नसतं. १९७९ पासून ही पद्धत माहीत आहे. काही ठिकाणी बीटा-ट्रेस नावाचं दुसरं प्रथिन बघतात, तेही चालतं. ताईंना पुढे वाकून बसवा आणि थेंब सरळ नळीत पडू द्या. कापसाने टिपून पिळायचं नाही. अर्धा-एक मिलिलिटर बहुधा पुरतं. नमुना किती हवा, थंड ठेवायचा का, किती वेळात पोचवायचा, हे त्या लॅबलाच आधी विचारा. एका बैठकीत जमलं नाही तर पुन्हा करा. गळती थांबून थांबून होत असेल तर एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही.

क्षकिरण

मी रेडिओलॉजीत आहे, माझ्या बाजूचं थोडं लिहितो.

पाणी कोणतं ते कळल्यावर पुढचा प्रश्न: भोक कुठे आहे? नाकाचं छप्पर म्हणजेच मेंदूची जमीन. मधोमध वासाच्या नसा खाली येतात ती चाळणीसारखी हाडाची पट्टी. तिच्या बाजूची उभी भिंत तर इतकी पातळ की सीटीवर धड दिसतही नाही. ही चाळणी किती खोल बसलीय यावरून १९६२ साली केरोस नावाच्या संशोधकाने तीन प्रकार पाडले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७, आणि ८ ते १६. खोली जास्त, तितकी ती पातळ भिंत उंच आणि उघडी. सायनसच्या ऑपरेशनात चुकून भोक पडतं तेही बहुधा इथेच, म्हणून चांगला सर्जन आधी सीटीवर ही खोली बघून ठेवतो.

सीटी अगदी बारीक कापांचा हवा, साध्या सायनसच्या सीटीत मिलिमीटरभराचं भोक निसटतं. एमआरआय कशाला, तर भोकातून नुसतं पाणी येतंय की मेंदूचं आवरण किंवा मेंदूचा तुकडाही खाली लोंबतोय ते कळायला. २०२० मध्ये कोविडसाठी नाकातून स्वॅब घेतल्यावर एका बाईंना अशी गळती सुरू झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. तिथे स्वॅबने धडधाकट हाड फोडलं नव्हतं. त्यांच्या नाकात अशी पिशवी आधीपासून लोंबत होती आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्या बातमीवरून बरेच लोक उगाच धसकले.

आणखी एक गंमत. कधी कधी नाकात भोकच नसतं. भोक कानामागच्या हाडात, कानाचा पडदा शाबूत, मग पाणी कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतून नाकाच्या मागे उतरतं. म्हणून नाकात सापडलं नाही तर कानाचं हाड बघायला विसरू नये.

मृण्मयीताई, बहिणीचा एमआरआय झाला की रिपोर्टमध्ये 'एम्प्टी सेला' असं काही लिहिलंय का बघा. डोक्यातला दाब बराच काळ वाढलेला असला की पिट्युटरी ग्रंथीची खोबण पाण्याने भरते आणि ग्रंथी तळाशी चपटी होते. डोळ्यांच्या नसांभोवतीचं आवरण फुगलेलं दिसतं. वय, वजन आणि डोकेदुखी यांवरून मी मुद्दाम हेच शोधेन.

निरंकुश

वाचतोय. बाळबोध प्रश्न: एवढंसं भोक आहे तर नाकातून दुर्बीण घालून गोंद लावून मोकळं व्हायचं. लोक मांडीतून काय काय काढतात म्हणे, ते कशाला?

शल्यकर्मी

प्रश्न बाळबोध नाही, रोज कुणीतरी विचारतं.

गोंद असतो, फायब्रिन ग्लू. पण त्याचं काम थर जागेवर धरून ठेवण्यापुरतं. तो काही दिवसांत विरघळतो. कायमचं बुजवायचं तर तिथे जिवंत ऊतकाचं ठिगळ, म्हणजे कलम, धरावं लागतं. पद्धत थोडक्यात अशी: पूर्ण भूल. नाकातून दुर्बीण. भोकाभोवतीची नाकाची त्वचा खरवडून हाड उघडं करायचं, कारण त्या त्वचेवर कलम चिकटत नाही. ही पायरी दिसायला क्षुल्लक, पण आळस केला तर कलम सुटतं. लोंबणारी पिशवी असेल तर ती जाळून मागे आणायची, आत ढकलायची नाही. मग थर. छोट्या भोकाला नाकातलीच त्वचा पुरते. मध्यम असेल तर हाड आणि ड्युरा (मेंदूचं बाहेरचं जाड आवरण) यांच्या मधे मांडीच्या किंवा कानशिलाच्या स्नायूवरचं चिवट आवरण सरकवायचं, कधी चरबीचा गोळा, कधी नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा. वरून आणखी एक थर. मग ग्लू, विरघळणारा स्पंज आणि नाकात पॅकिंग.

मोठ्या भोकांसाठी नाकाच्या मधल्या पडद्याची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून फिरवतात. अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या हदाद आणि बासागास्तेगी यांची ही युक्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कवटीच्या तळाच्या ऑपरेशनांचं चित्रच बदललं. रक्तपुरवठा सोबत असल्यामुळे ती लवकर धरते.

दुर्बिणीने पहिल्याच प्रयत्नात गळती थांबण्याचं प्रमाण साधारण ९० टक्के. उरलेल्यांतही दुसऱ्यांदा केलं की बहुतेकांचं जमतं. तेव्हा मृण्मयीताई, घरच्यांना सांगा की कवटी उघडणं हा आता पहिला पर्याय राहिलेला नाही. चेहऱ्यावर व्रणही नसतो.

जुनी_पानं

अवांतर होईल, पण राहवत नाही. सर्दीचा शेंबूड मेंदूतून पाझरतो असं लोक गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्यापासून दीड हजार वर्षं मानत होते! सतराव्या शतकात श्नायडर नावाच्या जर्मन वैद्याने दाखवलं की तो नाकाच्या अस्तरातच तयार होतो. आणि मग १८९९ मध्ये थॉमसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने दाखवून दिलं की काही मोजक्या लोकांत मार न लागताही पाणी खरोखरच मेंदूकडून येतं. म्हणजे जुने लोक हजारात एखाद्या वेळी बरोबर होते म्हणायचे.

ऑपरेशनही आधी वरूनच होई. १९२६ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जनने कवटी उघडून पहिल्यांदा भोक बुजवलं, तेही मांडीचंच आवरण वापरून. १९४८ मध्ये डोहलमनने चेहऱ्यावर नाकाच्या कडेने छेद घेऊन बाहेरून केलं. १९५२ मध्ये हिर्शने नाकाच्या आतून. दुर्बिणीने पहिल्यांदा १९८१ मध्ये विगांडने.

शिरोमणी

न्यूरोसर्जरीतून एक पुरवणी. कवटी उघडणं संपलेलं नाही. कपाळाच्या सायनसची मागची भिंत बाजूला लांबवर फुटली असेल, हाडाचा चुरा झाला असेल, किंवा अपघातात मेंदूत रक्तस्रावासाठी नाहीतरी उघडावंच लागणार असेल, तर वरून दुरुस्ती करतात. किंमत मात्र मोजावी लागते: मेंदू बाजूला सारावा लागतो आणि वासाची जाणीव जाण्याचा धोका मोठा. इथल्या वर्णनावरून त्याची गरज दिसत नाही.

शल्यकर्मींच्या एका गोष्टीवर मात्र भर देतो, कारण त्यांनी ती सोडली. मार न लागता गळती झाली तर बहुतेकदा मागे दाब वाढलेला असतो. वर्षानुवर्षं त्या दाबाने आणि ठोक्यांनी हाड झिजत जातं आणि एक दिवस फुटतं. नुसतं भोक बुजवलं आणि दाब तसाच ठेवला तर ते ओल न काढता भिंतीला रंग मारण्यासारखं आहे. कलम सुटेल, नाहीतर दुसरीकडे नवीन भोक पडेल. ऑपरेशन कोण करतंय याइतकंच दाबाकडे कोण बघतंय हेही विचारा.

शल्यकर्मी

मान्य. सोडली नव्हती, पुढच्या प्रतिसादात येणार होती :) पण लंबर ड्रेनवर आपलं भांडण होईल.

शिरोमणी

होऊ दे. पाठीतून नळी टाकून तासाला ५ ते १० मिलिलिटर पाणी काढत राहिलं की कलमावरचा ताण कमी होतो. ड्युरात मोठं भोक असेल तर फायदा होतो हे २०१९ मध्ये, नळी कुणाला टाकायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचणीत दिसलंय.

शल्यकर्मी

ती चाचणी कवटीच्या तळातून गाठी काढल्यावर राहणाऱ्या मोठ्या भोकांची. चाळणीतल्या तीन मिलिमीटरच्या भोकाला मी नळी टाकत नाही. पेशंट खाटेला खिळतो, डोकं ठणकतं, आणि जास्त पाणी काढलं गेलं तर नाकातली हवा उलट डोक्यात ओढली जाते. दाब मोजायला सुई घालणं वेगळं, ते मीही करतो.

सुलभा_ताई

दोन्ही डॉक्टर थांबा, आता जरा पेशंटचं ऐका :)

माझं हेच ऑपरेशन झालंय, गळती मार न लागता, भोक नाकाच्या मागच्या स्फेनॉइड सायनसमध्ये. ऑपरेशनच्या सुरुवातीला पाठीतून फ्लुरोसिन नावाचा रंग सोडला होता, त्यामुळे भोकातून येणारं पाणी पिवळं-हिरवं दिसतं म्हणे. त्याबद्दल आधी वेगळी संमती घेतली होती.

नाक फारसं दुखलं नाही. मांडी दुखली! जिथून आवरण काढलं तिथे जिना उतरताना कळ यायची, याची कुणी कल्पना दिली नव्हती. पॅकिंग असेपर्यंत तोंडाने श्वास, घसा कोरडा ठक्क, झोप नीट नाही. उशाशी पाणी आणि ओठांना लावायला काहीतरी ठेवा. नंतर बरेच दिवस खपल्या पडतात, वास येईनासा होतो. माझा परत आला, हळूहळू.

बंधनं कंटाळवाणी आहेत. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पोट साफ होण्याचं औषध मिळतं, ते लाजेकाजेने टाळू नका, कुंथण्याने दाब वाढतो. झोपेत घोरण्यासाठी कुणी मशीन लावत असेल तर ते ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा.

शल्यकर्मी

सुलभाताईंचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ते मशीन नाकातून दाबाने हवा ढकलतं. ताज्या कलमाशेजारून ती हवा कवटीत शिरली तर जिवावर बेतू शकतं. आणि वजन जास्त असलेल्यांत झोपेत श्वास अडकण्याचा आजार वारंवार सोबत असतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. मशीन परत कधी सुरू करायचं हे सर्जनच ठरवेल. विमानप्रवासाचंही तेच. फ्लुरोसिन अगदी कमी मात्रेत, पातळ करून, सावकाश सोडावं लागतं. जास्त मात्रेने झटके आल्याची उदाहरणं आहेत, म्हणून वेगळी संमती.

निरंकुश

तोपर्यंत जंतू चढू नयेत म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवलं तर? आणि नाक मिठाच्या पाण्याने धुतलं तर?

शिरोमणी

नाक धुणं आत्ता नको. अँटिबायोटिक महिनोन्महिने घेऊन मेनिंजायटिस टळतो असा पुरावा नाही. कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरमध्ये यावर चाचण्या झाल्यात, त्यांत फायदा सिद्ध झाला नाही. उलट औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. न्यूमोकॉकस या जंतूवरची लस मात्र घ्यावी, कारण या मेनिंजायटिसमागे बहुधा तोच असतो.

मृण्मयी_०७

सगळ्यांचे आभार. बीटा-२ पॉझिटिव्ह आलं. एमआरआयमध्ये भोक उजवीकडे चाळणीजवळ, आणि क्षकिरण, तुम्ही म्हणालात तसं 'पार्शली एम्प्टी सेला' लिहिलंय. ऑपरेशन दुर्बिणीनेच करायचं ठरलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नस तपासली, सूज नाही म्हणाले. मग दाब नाही असंच ना? घरचे त्यावरून फार खूश आहेत.

शिरोमणी

दुर्दैवाने तसं धरता येत नाही. गळती सुरू असेपर्यंत जादा पाण्याला वाट मिळते, त्यामुळे दाब नॉर्मल दिसू शकतो आणि डोळ्याच्या नसेवर सूजही येत नाही. भोक बुजलं की ती वाट बंद. खरा दाब त्यानंतर कळतो. ऑपरेशननंतर डोळे पुन्हा तपासायचेच, आणि पाठीतून दाब मोजायचा. वाढलेला निघाला तर ॲसिटाझोलामाइड (हे पाणी कमी तयार व्हावं म्हणून द्यायची गोळी) आणि वजन कमी करणं. त्याने भागलं नाही तर शंट, म्हणजे जादा पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी.

क्षकिरण

आणि चाळणीजवळ काम आहे म्हणजे त्या बाजूच्या वासाचं काय, हे सर्जनला आधीच विचारून ठेवा. दुसरी बाजू शाबूत असली की रोजच्या जगण्यात फारसं जाणवत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

मृण्मयी_०७

धागा वर काढते आहे. ऑपरेशन नीट झालं, नाक कोरडं आहे. काही आठवड्यांनी डोकं पुन्हा दुखायला लागलं तेव्हा शिरोमणींचा प्रतिसाद छापून डॉक्टरांकडे नेला. त्यांनीही तेच ठरवलं होतं म्हणा. पाठीतून मोजलेला दाब वाढलेला निघाला. डोळे अजून ठीक आहेत. ॲसिटाझोलामाइड सुरू केलंय, वजनासाठी आहारतज्ज्ञ गाठलाय.

आता तिच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि सोड्याचं पेय बेचव लागतं म्हणते. गोळी बंद करावी का?

शिरोमणी

स्वतःहून बंद करू नका. मुंग्या आणि सोड्याची बदललेली चव हे दोन्ही त्या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, घातक नाहीत. फार त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतील किंवा विभागून देतील. रक्तातलं पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासलंय का ते विचारा. पाणी भरपूर प्यायला सांगा, या गोळीने मुतखडा होऊ शकतो. आधी कधी मुतखडा झाला होता का?

मृण्मयी_०७

हो, एकदा झाला होता! हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्याच फोन करते.